सौंसरकडे साफ आहे

हे बायकोला माहीत नाही. बाबांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलो, तरी दोनदा उठून खिडकीशी जाऊन आलो.

मी विमान चालवतो. माझ्यामागे दीडशे माणसं निवांत झोपतात. गाव सौंसर, तिथे माझं अजून कौतुक होतं – आणि प्रत्येक वेळी मला वैशाली आठवते.

वैशाली पांढुर्ण्याची. वडील नगरपालिकेत कारकून. आम्ही दोघं एकाच फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होतो. आमच्या धावपट्टीला कंट्रोल टॉवर नव्हता, सौंसरच्या आकाशातही विमानांना खालून वाट सांगणारं कोणी नव्हतं. तिथे उडायचं ते डोळ्यांच्या भरवशावर. नियम साधा – समोर पाच किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगात शिरायचं नाही, खाली जमीन दिसत राहिली पाहिजे. नाही दिसलं, तर परत फिरायचं. आणि मागून येणाऱ्याला रेडिओवर सांगायचं. ते सांगणारं दुसरं कोण होतं तिथे?

त्या दिवशी मी एकटा निघालो होतो. माझ्यामागे वीस मिनिटांनी, दुसऱ्या विमानात, एकटी वैशाली. बाबांना मी सांगून ठेवलं होतं – संत्र्याच्या बगीच्यात उभे राहा, वरून जातो. सौंसरच्या अलीकडेच ढग खाली उतरलेले दिसले. परत फिरायला हवं होतं. पण बाबा मान वर करून उभे असतील – एवढंच डोक्यात होतं. मी आत शिरलो.

सगळं पांढरं. जमीन नाही, क्षितिज नाही, विमान सरळ आहे की कलंडलंय तेही कळेना. दोन मिनिटं असतील, तीन असतील. कसाबसा बाहेर पडलो. तेवढ्यात रेडिओवर वैशालीचा आवाज आला – "सौंसरकडे दिसून राहिलं काय?"

ढग आहेत म्हटलं असतं, तर तू कसा पार झालास हा प्रश्न आला असता. माझं एकट्यानं उडणं बंद झालं असतं.

मी म्हणालो, "साफ आहे. ये."

ती आली. ढगात सापडली, जमीन शोधत खाली उतरत गेली आणि मोहगावजवळ एका कपाशीच्या शेतात आदळली. वाचली. पण पाठीचा मणका मोडला, आणि पुन्हा विमान चालवण्याची परवानगी तिला कधीच मिळाली नाही.

एवढंच असतं तर – नाही, एवढंच नव्हतं. चौकशी झाली. तिनं सांगितलं की पुढच्यानं साफ असल्याचं कळवलं होतं. मला बोलावलं. रेडिओवरचं बोलणं कुठेच नोंदलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "सर, ढग आहेत, परत फिर, असं मी सांगितलं होतं. तिला नीट ऐकू आलं नसेल." किती सहज बोललो! कागदावर चूक तिची ठरली.

गेल्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर ती भेटली. आता शाळेत गणित शिकवते. कमरेला पट्टा होता. तिनंच हाक मारली, चहा मागवला, बाबांची तब्येत विचारली. मग म्हणाली, "येक विचारू? तू खरंच परत फिर म्हटलं होतं काय? मले तं अजून 'ये' असंच आठवते."

तेव्हा तरी बोलायचं ना? टेबलावर आम्ही दोघंच होतो.

"परत फिरच म्हटलं होतं," मी म्हणालो.

तिनं कप बशीत ठेवला. "मंग माह्याच कानाचा दोष," ती म्हणाली. "पोरींले वर्गात तेच सांगत असते मी. नीट आयका म्हणून."

मी मान डोलावली. चहा संपवला, आणि नागपूरच्या बसमध्ये चढलो.