दोन्ही टोके आणावीत

हार्डवेअरच्या त्या गल्लीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. ते 'आटेवाले' होते आणि भिंतीपलीकडचे त्यांचे थोरले भाऊ 'नळीवाले'. वडिलांच्या हयातीत ते एकच दुकान होते. नळी आणि तिची जोडणी एकाच गल्ल्यावर मिळत असे. वडील गेले आणि वाटणी करायला मामा आले. मामा न्यायी होते, पण दुकानदार नव्हते. त्यांनी माल जातवारीने वाटला. रबरी नळ्या, प्लास्टिकच्या नळ्या, गरम पाण्याचे आणि हवेचे होज पाईप थोरल्याकडे गेले. कपलिंग, अडॅप्टर, निपल, वॉशर अशी जोडणीची सारी चिल्लर धाकट्याकडे आली. मध्ये एकेरी विटांची भिंत उभी राहिली. ज्याला नळी हवी त्याला जोडणीही हवी असते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. किंवा आली असेल, तर वाटणीच्या वेळी तसे बोलून दाखवण्याची रीत नसते.

"एकाकडे डावा बूट, दुसऱ्याकडे उजवा," असे गिऱ्हाईक हसून म्हणे आणि दोन्ही पायऱ्या चढे.

खरा वाद झाला तो फळीवरून. वडिलांनी सागाच्या एका फळीवर पितळी आणि लोखंडी नमुने बसवले होते. ब्रिटिश सरळ आटे, ब्रिटिश निमुळते आटे, अमेरिकन निमुळते, बागेच्या नळीचे जाडेभरडे, मिलिमीटरच्या मापाचे. प्रत्येकाचा एक बाहेरून आटे पाडलेला आणि एक आतून. आटे ओळखायचे तर आधी व्यास मोजावा, मग दातेरी पट्टी लावून इंचात किती आटे बसतात ते पाहावे, मग तुकडा उजेडाकडे धरून तो टोकाकडे निमुळता होतो की नाही हे निरखावे. पण शेवटचा निकाल फळीचा. तुकडा फळीवरच्या नमुन्यावर हाताने फिरवायचा. शेवटपर्यंत न अडता गेला तर जात जुळली, दोन-तीन फेऱ्यांत अडला तर नाही. या धंद्यातला सगळ्यात फसवा माल अर्ध्या इंचाचा. त्या मापाला ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्हींचे आटे इंचाला चौदाच भरतात. पट्टी दोघांनाही होकार देते. फरक असतो तो दात्यांच्या कोनात, आणि तो डोळ्यापेक्षा हाताला आधी कळतो. अशी बेजोड जोडी सुरुवातीला एकमेकांत शिरतेसुद्धा, टेप गुंडाळून मोठ्या पान्याने आवळली तर काही काळ पाणीही धरते. म्हणूनच ती धोक्याची.

थोरले म्हणाले होते, "फळी मधल्या खांबावर बाहेर लावू. तुलाही लागते, मलाही लागते."

"जोडणी माझ्याकडे, तर फळी माझ्याकडे," धाकट्यांनी सांगितले. "नळी विकायला फळी कशाला हवी, दादा?"

मामांना ते तर्कशुद्ध वाटले. थोरल्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माणसे वस्तू वाटून घेतात तेव्हा त्या वस्तूंत साठवलेली समजही वाटली जाते, आणि एका बाजूला तिची उणीव कायमची राहते. पण वाटणीपत्रात समजुतीचा रकाना नसतो. त्या दिवसापासून थोरले आटे मोजू शकत होते, पारखू शकत नव्हते.

भावांत बोलणे बंद नव्हते. आजारपणात एकमेकांकडे जात, पुतणीच्या परीक्षेच्या दिवशी काकांनीच तिला स्कूटरवरून सोडले होते. बंद होते ते कामाचे बोलणे. दोघांचे निरोप गिऱ्हाइकांच्या तोंडून जात. "शेजारी विचारा," हे दोन्ही दुकानांतले नेहमीचे वाक्य होते. आटेवाल्यांची बायको एकदा म्हणाली, "तुमचा दोघांचा संसार गिऱ्हाईक चालवतंय. भाड्याची जीभ किती दिवस वापरणार?" आटेवाले वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "भांडण कुठाय? भांडण असतं तर मिटवता आलं असतं."

त्यांच्या दुकानात एक पाटी होती, त्यांनीच रंगवलेली: दोन्ही टोके आणावीत, त्याशिवाय माल मिळणार नाही. हा नियम ते कसोशीने पाळत. कोणी फोनवर माप सांगू लागला की ते फोन ठेवून देत. दिलेल्या प्रत्येक अडॅप्टरवर लाल रंगाचा एक ठिपका लावत. हा माल मी पारखून दिला आहे, अशी ती त्यांची सही.

एका दुपारी कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला आला. त्याने कपडे धुण्याचे एक जुने परदेशी यंत्र घेतले होते. यंत्राच्या नळाचे मोडके टोक त्याने गल्ल्यावर ठेवले. आटेवाल्यांनी ते फळीवर फिरवून पाहिले. "अमेरिकन. अर्धा इंच. दुसरं टोक?"

"नळी दादांकडं आहे. गरम पाण्याची, चांगली जाडजूड. टोक कारखान्यातूनच बसवून आलंय. दादा म्हणाले, अर्धा इंच, चौदा आटे, पुढचं शेजारी विचारा."

"टोक बघायला पाहिजे."

"एवढं वेटोळं उचलून आणू? कंबर मोडेल माझी. अहो, तुम्हीच या की बघायला. चार पावलांवर तर आहे."

आटेवाले उठले. दारापर्यंत आले. पलीकडच्या पायरीवर थोरल्यांच्या चपला दिसत होत्या, नेहमीसारख्या एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. त्या दुकानात कामासाठी पाय टाकायचा म्हणजे दादा फळी मागत होते ते बरोबरच होते, हे न बोलता कबूल करायचे. निदान त्या क्षणी त्यांना तसे वाटले. थोरल्यांकडचा माल वडिलांच्या वेळेपासून ब्रिटिश आट्यांचाच येत होता. ते मागे फिरले.

"चौदा म्हणालेत ना दादा? मग ठरलं." त्यांनी एका बाजूने अमेरिकन, दुसऱ्या बाजूने ब्रिटिश असा अडॅप्टर काढला, त्यावर लाल ठिपका लावला आणि दिला.

"पाटी उतरवा मग," लॉन्ड्रीवाला हसत म्हणाला.

पुढे काही आठवडे सारे सुरळीत चालले. मग एके सकाळी यंत्र सुरू असताना नळी जोडणीपासून सुटली आणि उकळते पाणी लॉन्ड्रीवाल्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सांडले. गल्लीत बातमी पसरली ती अशी: नळी निसटली. जोडणी निसटली असे कोणी म्हणाले नाही. लोकांच्या नजरेत भरते ती लांब वस्तू; तिच्या टोकाशी काय आहे ते सहसा पाहिले जात नाही.

हाताला बँडेज बांधून लॉन्ड्रीवाला आधी नळीवाल्यांकडे गेला. त्यांनी वाद न घालता जुनी नळी ठेवून घेतली, तिचे टोक कापून त्याच्याकडे दिले आणि तसलीच नवी नळी दिली. मग तो भिंतीच्या या बाजूला आला. डाव्या हाताने त्याने पिशवी उपडी केली. लाल ठिपक्याचा अडॅप्टर, आणि जुन्या नळीचे कापलेले टोक.

"जोडणीही नवीच द्या. आता कशावर भरवसा ठेवायचा?"

आटेवाल्यांनी अडॅप्टर उजेडाकडे धरला. ब्रिटिश बाजूचे आटे खाल्ले गेले होते, त्यांत टेपचे पांढरे धागे अडकले होते. मग त्यांनी नळीचे टोक घेतले आणि फळीवरच्या अमेरिकन नमुन्यावर ठेवले. ते शेवटपर्यंत न अडता गेले.

नळीचे टोक अमेरिकन होते. यंत्राचेही अमेरिकन. दोन्ही एकमेकांत थेट बसली असती. मध्ये कशाचीच गरज नव्हती. त्यांनी मध्ये घातली ती वस्तूच सुटली होती.

बोलायला हीच वेळ होती. चूक माझी आहे, मी टोक पाहिले नव्हते, एवढेच सांगायचे होते. पण जीभ रेटेना. ते म्हणाले, "नव्या नळीला अडॅप्टर लागत नाही. थेट बसवा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"म्हणजे जुनी नळीच वाईट होती," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "दादांचा माल पूर्वीसारखा राहिला नाही बघा."

आटेवाल्यांनी अडॅप्टर खणात टाकला आणि खण लावला.

खोटे बोलणाऱ्याला आपण काय बोललो हे पुढेमागे आठवावे लागते. गप्प राहणाऱ्याची त्यातून सुटका होते, म्हणून हा मार्ग सभ्य माणसांना अधिक पसंत पडतो. आटेवाले सभ्य होते. दादांना सांगायचे, हे त्यांनी मनाशी ठरवले होते. मात्र आज पलीकडे गिऱ्हाईक आहे, उद्या वहिनी दुकानात बसली आहे, परवा दादांचा चेहराच ओढलेला दिसतो, असे होत गेले. लॉन्ड्रीवाल्याचे वाक्य तोवर गल्लीभर फिरले होते. पलीकडे गिऱ्हाईक आहे, ही सबब खरी नसलेले दिवस वाढत गेले, तरी पाय उचलेना. एका महिन्याच्या अखेरीस थोरल्यांनी दुकान सोडले आणि ते वहिनींसह लेकीकडे, दुसऱ्या गावी राहायला गेले. जाताना पायरीवर थांबून एवढेच म्हणाले, "येतो रे." आटेवाले म्हणाले, "पोचल्यावर फोन कर."

त्या रात्री बायकोने विचारले, "काय खुपतंय?" त्यांनी सांगितले. तिने हातातले भांडे पुसून ठेवले. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय दुसरं टोक आहे?"

पहिला गारठा पडला तेव्हा आटेवाले दादांना भेटायला निघाले. फळी दुकानाच्या भिंतीवरून काढून जुन्या चादरीत गुंडाळली आणि काखोटीला मारली. बसमधल्या शेजाऱ्याने विचारले, "कॅरम का?" ते "हो" म्हणाले.

पुतणीने दार उघडले. "काका? आणि हे काय घेऊन आलात?"

थोरले गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. चादर सोडताच ते हसले. "ही कशाला आणलीस? इथे एकच नळ आहे, तोही गळत नाही."

"तुझी होती. निम्मी तरी."

"फळी निम्मी कापतोस की काय?"

पुतणी चहा टाकायला आत गेली. आटेवाल्यांनी खिशातून अडॅप्टर काढून कठड्यावर ठेवला. "दादा, लॉन्ड्रीवाल्याची नळी तुझी नव्हती सुटली. हे सुटलं होतं. मी टोक न बघता दिलं."

थोरल्यांनी अडॅप्टर हातात घेतला नाही. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तो आधी माझ्याकडेच आला होता. अडॅप्टरच्या एका बाजूचे आटे खाल्ले गेले होते आणि त्यावर तुझा लाल ठिपका होता. मीच त्याला म्हटलं, हे शेजारी दाखव. म्हटलं, तुझ्या हातात पडलं की तुला कळेल."

"कळलं होतं."

"तेही माहीत आहे. तू फळीवर फिरवलंस ते ऐकू आलं. एकेरी विटांची भिंत ती."

"मग बोलला का नाहीस? अख्खी गल्ली तुला नावं ठेवत होती."

"मी येऊन काय बोलणार होतो? तुझी चूक आहे म्हणून? ते तुला ठाऊक होतं." थोरल्यांनी शाल नीट केली. "रोज दुकान बंद करताना जरा रेंगाळायचो. वाटायचं, आज येशील. तुझं शटर पडायचं, मग मीही पाडायचो. गिऱ्हाईक गेलं त्याचं काही नाही, गिऱ्हाईक परत येतं. पण पुढे पुढे तुझ्याकडची खुडबूड ऐकू आली तरी नको वाटायला लागलं. म्हणून निघालो."

"चल परत. भिंत पाडू."

"गाळा दिला मी, वेड्या. करार झाला."

चहा आला. पुतणीने विचारले, काय चाललंय तुमचं, आणि थोरले म्हणाले, "काका आटे शिकवतायत मला. उशिराच म्हणायचं." चहा संपल्यावर त्यांनी स्वतः फळी चादरीत बांधली, गाठ मारली आणि भावाच्या हातात दिली. "घेऊन जा. मधल्या खांबावर बाहेर लाव, मी म्हणालो होतो तिथे. आणि लॉन्ड्रीवाल्याला सांग. त्याचा हात बरा झाला असेल, पण सांग."

आटेवाल्यांनी परतल्या दिवशीच सांगितले. लॉन्ड्रीवाला इस्त्री फिरवत होता. हातावरची कातडी अजून गुलाबी, गुळगुळीत दिसत होती. त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "आता सांगताय? मी दादांना तोंडावर बोललो होतो. तुमच्या नळीनं माझा हात भाजला, तुमच्या मालाला काही किंमत नाही, असं. ते ऐकून घेत राहिले." मग पुन्हा इस्त्री उचलली. "फोन नंबर असेल तर द्या त्यांचा."

दुसऱ्या दिवशी आटेवाल्यांनी फळी मधल्या खांबावर, दोन्ही दुकानांतून हात पोचेल अशी ठोकली. पलीकडच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरे विकणारा एक तरुण दुकानदार होता. दुपारी तो बाहेर आला आणि पितळी नमुन्यांकडे पाहू लागला.

"काका, हे काय आहे?"

"आटे ओळखायची फळी."

"छान आहे. फक्त जरा तुमच्या बाजूला घ्याल का? माझी पाटी झाकली जाते."

आटेवाले म्हणाले, "घेतो." त्यांनी खिळे काढले, फळी स्वतःच्या बाजूला सरकवली आणि पुन्हा ठोकली.