राब भाजल्यावर

आमचं घर बेटेगावच्या अंगाला. पावसाच्या भातावर चालनारं. मला दोन पोरी. धाकली सोळाची झाली नि तिच्या हाडांनी रगत करायचं सोडलं. दात घासले का तोंड लाल, अंगावर काळेनिळे डाग. रगत चढवायचं, चार दिस बरी, परत पांढरी. मुंबईचे डॉक्टर म्हनाले, "मावशी, आता घरातल्या कुणाच्या तरी हाडातला मगज द्यायचा. नायतर पोर हातची जाईल."

माझा जुळला नाय, थोरलीचा जुळला. ती सरावलीला दिलेली. तिला आनायला गेले तर विहीण दारातच म्हनाली, "माझ्या सुनेचं कंबरेचं हाड काढनार? मग पानी कोन भरनार, तुमी?"

"भरंल की माझी आय," थोरली आतून बोलली. "माझ्यापरीस दोन हंडे जास्तच भरंल." नि चपला घालून निघाली.

मला वाटलेलं, मगज काढतील नि घालतील. तर आधी औषधानी धाकलीचा होता तेवढा मगज मारला. केस गेले, तोंड सोललं. ती काचेच्या पल्याड, मी अल्याड. "होतं ते पन जाळलंत," मी डॉक्टरांवर ओरडले. मग तिथंच बाकावर बसले नि माझा डोळा लागला.

काचेतली पांढरी खोली हळूहळू धुराची झाली. आमचं शेत दिसलं. होळीनंतर आमी राब भाजतो ना, तसं. पाला, शेन पसरायचं, वर माती टाकायची नि पेटवायचं. तन मरतं, काळी राख उरते, तिच्यात भाताचं बी पडतं. धाकली त्या राखेत निजलेली, नि तिला चटका बसत नव्हता. जागी झाले, मग ओरडले नाय.

थोरलीला भूल देऊन पालथी निजवली, कंबरेत सुया घालून मगज काढला. हाड जागच्या जागी. आता धाकलीचं हाड उघडतील म्हनून मी डोळे मिटले. तर लाल पिशवी आली, नेहमीच्या रगतासारखी, नि शिरेला लावली. मी सिस्टरला विचारलं, "याला हाडाची वाट कोन दाखवनार?"

"त्याला ठाऊक असते, मावशी."

मग किती दिस गेले, पान्याखाली असल्यासारखे. रोज सकाळी मी विचारायची, "उगवलं?" डॉक्टर नाय म्हनून मान हलवायचे. एका सकाळी त्यांनी दोन बोटांत एवढीशी फट दाखवली. राबात पयला कोंब तेवढाच दिसतो.

पुढल्या वर्षी भाताच्या आवनीला धाकली बांधावर बसलेली, तोंडाला फडकं. चिखलात जायची मनाई होती. रोपं लावता लावता थोरली ओरडली, "माझंच रगत घेऊन बसलीस नि राबू मी?"

"तुझंच हाय म्हनून तर काम नको वाटतं!"

मी तोंड लपवून वाकलेलीच राहिले. हातातली रोपांची जुडी संपली तरी.