हातमागाचा खड्डा

२० मार्च २०२५ रोजी नानाजी हेडाऊ यांनी सुशील नावाच्या माणसाच्या हातात ५,५०० रुपये ठेवले. आपल्या मुलाला उचलून नेण्याचा तो ॲडव्हान्स होता.

सुशील नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे असलेल्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस. त्याला नानाजींच्या दुकानावर घेऊन आले ते मारोतराव, म्हणजे त्यांच्या बायकोचे, अनुसयाबाईंचे भाऊ. नोटा शर्टाच्या आतल्या खिशात घालत सुशील म्हणाला, "काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. सोमवारी दुपारी चारले गाडी येईन. पोरगं झोपेत असलं का आमचे दोघं जण असे उचलतेत, का त्याले गाडीत बसल्यावरच समजते."

"अन् तो ओरडला तं?"

"ओरडतेच ना काका. सगळेच ओरडते. तीन महिने फोन नाही, भेट नाही. भिंत हे एवढी उंच."

भिंतीची उंची दाखवताना सुशीलचा हात दुकानाच्या पंख्याला लागता लागता राहिला. मारोतराव हसले. नानाजींना मात्र त्या हाताकडे पाहवले नाही.

नानाजींचे गोळीबार चौकाजवळ मोटारसायकलच्या सीट कव्हरचे दुकान होते. फोम कापायचा, त्यावर सोल्युशन, म्हणजे उग्र वासाचा पातळ गोंद, लावायचे आणि रेक्झिन ताणून चिकटवायचे, हे काम त्यांनी जन्मभर केले. त्यांचे वडील तांडापेठेतल्या घरी हातमागावर लुगडी विणत. माग कधीच विकला गेला होता, पण मागाने या घराला दोन गोष्टी देऊन ठेवल्या होत्या. एक म्हणजे आवाज. खटखटीत एकमेकांचे ऐकू यावे म्हणून विणकरांच्या घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलतात. माग बंद झाला तरी नानाजींचा आवाज काही खाली आला नाही. साधा चहा मागितला तरी शेजारच्या घराला कळे. दुसरी गोष्ट म्हणजे खड्डा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून मागाच्या पावट्या दाबतो. तो खड्डा घराच्या आतल्या खोलीत तसाच होता. वर फळ्या टाकून त्यावर पंकजची गादी घातलेली असे.

पंकज त्यांचा एकुलता एक मुलगा, वय वीस. दोन वर्षांपासून तो दुकानात बापाच्या हाताखाली होता.

त्याचे काय चालले आहे हे नानाजींना कळलेच नाही. जन्मभर सोल्युशनच्या वासात काढल्यामुळे त्यांच्या नाकाला तो वास येईनासा झाला होता. कळले ते अनुसयाबाईंना. नागपुरात ऊन तापले की पोरे नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळूनच बाहेर पडतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण पंकज जानेवारीच्या थंडीतही तोंडाचा दुपट्टा सोडेना. एक दिवस धुवायला म्हणून त्यांनी तो ओढून घेतला. त्याचे एक टोक वाळलेल्या सोल्युशनने चामड्यासारखे कडक झाले होते, आणि पंकजच्या ओठांभोवती लाल पुरळ होते.

त्यानंतर नानाजी ओरडले, रडले, एकदा हातही उगारला. पंकज मान खाली घालून "नाही करत बाबा" म्हणे आणि चार दिवसांनी पुन्हा त्याचे डोळे तारवटलेले दिसत. मार्चच्या सुरुवातीला तो दुकानात स्टुलावर बसलेला होता. डोळे उघडे होते. नानाजींनी हाक मारली, खांदा हलवला, तरी त्याच्या डोळ्यांची हालचाल होईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो एकदम म्हणाला, "काय झालं बाबा?" म्हणून त्यांनी सुशीलला पैसे दिले. अनुसयाबाईंना त्यांनी हे सांगितले नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, अनुसयाबाई डबा भरून तयार. "चला. सरकारी दवाखान्यात या गोष्टीचा वेगळा डॉक्टर बसते म्हणते. पंकज यायले तयार आहे. मी त्याले रात्री इचारलं."

"तयार आहे? त्यानं सोताहून म्हटलं?"

"हो ना. तुमी काहून असे पाहून राहिले?"

गाडीचे सांगायची ती वेळ होती, ती नानाजींनी जाऊ दिली.

ओपीडीत डॉक्टर बाई होत्या, तरुण, चष्म्याच्या. त्यांनी आधी पंकजशी एकट्याशी बोलून घेतले. त्याचा ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवले. मग आईबापांना आत बोलावले.

"ही नशा सोडवणारी अशी कुठली गोळी नाही," त्या म्हणाल्या. "झोप लागत नाही, चिडचिड होते, त्यासाठी थोडे औषध देईन. बाकी काम बोलण्याचे आहे. आठवड्यातून दोनदा त्याने यायचे. आमच्या समुपदेशक रितिका मॅडम त्याच्याशी बोलतील, दर मंगळवारी तुमच्याशीही."

"भरती नाही करायचं?" नानाजींनी विचारले. बाहेरच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली.

"सध्या गरज दिसत नाही. त्याला झटके येत नाहीत, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार नाहीत आणि तो आपणहून आलाय. घरी राहून उपचार होऊ शकतात. नाहीच जमले तर भरतीचा विचार करू, तोही त्याला सांगून. पण घरी राहायचे तर घर तसे हवे. दुकानात त्याला पाठवायचे नाही. सुरुवातीला एकटा सोडायचा नाही. आणि ते सोल्युशन घरात तर नसते ना?"

नानाजींनी बायकोकडे पाहिले.

"काका?"

"खड्ड्यात आहे," ते म्हणाले. दुकानाला टिनाचे छत. उन्हाळ्यात डबे फुगतात, सोल्युशन घट्ट होते. मागाचा खड्डा मात्र गार असतो. वडील त्यात ओला कपडा ठेवत, म्हणजे सूत तुटत नसे. म्हणून नानाजी फाल्गुन लागला की जास्तीचे डबे घरी आणून त्या खड्ड्यात ठेवत. दरवर्षी. ते सांगताना त्यांना पहिल्यांदा ऐकू आले की आपण काय सांगतो आहोत.

"आणि पंकज झोपतो कुठे?"

"त्याच्यावर," अनुसयाबाई म्हणाल्या.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवले. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचेच नानाजींना जास्त भय वाटले. "आजच काढा," त्या म्हणाल्या. "आणि अजून एक. हे नीट ऐका. या वाफेने हृदय हळवे होते. नशेत असताना माणूस एकदम दचकला, पळाला, झटापट झाली, तर हृदयाचा ठोका बिघडून ते जागच्या जागी थांबू शकते. धडधाकट पोरे अशी गेलेली आहेत. तो करताना दिसला तर ओरडायचे नाही. धरायला धावायचे नाही. दारे-खिडक्या उघडा, हळू बोला, कापड अलगद घ्या. प्रतिसाद देत नसेल तर एकशेआठला फोन करा. काका, तुमचा आवाज मोठा आहे, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते."

परत येताना ऑटोत पंकज मध्ये बसला होता. त्याचा खांदा नानाजींच्या खांद्याला लागत होता. दुकानात आपण त्याच्यावर किती वेळा ओरडलो, त्यातल्या किती वेळा तो तसा होता, हे नानाजी आठवू लागले आणि मग त्यांनी आठवणे थांबवले.

त्याच संध्याकाळी त्यांनी फळ्या काढल्या, डबे दुकानात नेऊन कुलपात टाकले. पण सुशीलला फोन करून गाडी नको असे त्यांनी सांगितले नाही. शनिवारी फोन हातात घेतला. दवाखान्याने नाही झाले तर काय, असे वाटले. ठेवून दिला. रविवारी पुन्हा घेतला. तीन महिने भिंतीआड तरी पोरगं जिवंत राहील, असे वाटले. पुन्हा ठेवला. डॉक्टरीण जे म्हणाली आणि सुशील जे म्हणाला, त्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच घरात समोरासमोर येतील, हा विचार त्यांच्या मनात यायचा आणि ते त्याला बाजूला सारायचे.

सोमवारी नानाजी दुपारी तीनलाच दुकान बंद करून घरी आले. गाडी आली तर दारातच थांबवावी की येऊ द्यावी, हे त्यांचे अजून ठरले नव्हते. पुढच्या खोलीत कोणी नव्हते. अनुसयाबाई तीन दिवस पंकजला सोडून हललेल्या नव्हत्या, नेमक्या तेव्हाच नळ आला म्हणून पाण्याचा गुंड घेऊन बाहेर गेल्या होत्या. आतल्या खोलीचे दार लोटलेले होते. नानाजींनी ते ढकलले.

गादी भिंतीला लावलेली. फळ्या सरकवलेल्या. पंकज खड्ड्यात पाय सोडून बसला होता, अगदी त्याचा आजा बसायचा तसा, आणि त्याने दुपट्टा दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता. खड्ड्याच्या आतल्या बाजूला बापजाद्यांनी सुताच्या कांड्या ठेवायला एक कोनाडा केला होता. त्यात एक डबा राहून गेला होता. नानाजी त्या कोनाड्याला विसरले होते.

त्यांचे तोंड उघडले. आवाज गळ्यापर्यंत आला. त्यांनी स्वतःच्याच हाताने स्वतःचे तोंड दाबले.

तेवढ्यात गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला.

पंकजचे खांदे हलले. नानाजी उलट्या पावलांनी, आवाज न करता, जमेल तेवढ्या झपाट्याने पुढच्या दाराशी गेले. सुशील चपला काढत होता. मागे दोन दांडगी पोरे, त्यांच्या मागे मारोतराव.

"थोडं लवकरच आलो काका. झोपला आहे का आपला हिरो?"

"जा," नानाजी म्हणाले.

सुशीलला ऐकू गेले नाही. "आँ? काका, आवाज बसला का तुमचा? गारेगार जास्त खाल्लं वाटते."

पोरे हसली. नानाजींनी दोन्ही हातांनी चौकट धरली. "हासू नका," ते पुटपुटले. "तो आत ओढून राहिला. आता दचकला तं मरन."

"भाऊजी, मंग तं हेच टाइम आहे ना," मारोतराव म्हणाले. "सरका बरं तुमी. रंगे हाथ पकडू त्याले."

"मारोतराव, तुमच्या पाया पडतो. हळू बोला."

मारोतरावांनी भाऊजींना इतकी वर्षे पाहिले होते. लग्नात, भांडणात, तेरवीत. हा माणूस कुजबुजताना त्यांनी कधीच ऐकला नव्हता. ते दोन पावले मागे सरले आणि त्यांनी एका पोराच्या दंडाला धरून त्यालाही मागे ओढले. "चल बे," ते हळूच म्हणाले.

सुशील मात्र हलेना. "ॲडव्हान्स वापस नाही भेटत काका. अन् गाडीचे आठशे वेगळे. डिझल का फुकटात येते?"

नानाजींनी एका हाताने चौकट धरूनच दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. पाचशेची एक नोट निघाली. ती त्यांनी दिली. "बाकीचे देतो. आता जा. अन् हॉर्न नका वाजवू."

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली, तेव्हाच सुरू केली. ती करामत मारोतरावांची.

नानाजी आत आले. खिडकी उघडताना कडी वाजेल म्हणून त्यांनी तिला बोटात धरून सोडले. मग खड्ड्याच्या काठावर, मुलाच्या शेजारी बसले आणि आपलेही पाय आत सोडले. पंकजची मान डोलत होती.

"पंकज. मी हावो गा. बाबा."

एकशेआठला लावावा लागला तर म्हणून नानाजींनी फोन बाहेर काढून मांडीवर ठेवला. "मी काही नाही म्हणत. फक्त बसलो तुह्यापाशी."

पंकजच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. ती उडते आहे ना, एवढेच नानाजी पाहत होते. ती मध्येच चुकल्यासारखी वाटे आणि नानाजींचाही श्वास थांबे. मग पंकजचे हात सैल झाले. नानाजींनी दुपट्टा अलगद काढून घेतला, झाकण लावून डबा खिडकीबाहेर ठेवला.

दारात अनुसयाबाई भरलेला गुंड कमरेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडाशी पदर धरला होता. नानाजींनी हाताने खूण केली, तशा त्या तिथेच खाली बसल्या.

"बाबा," बऱ्याच वेळाने पंकज म्हणाला, जीभ जड होती. "गाडी आली होती का?"

"हो."

"माह्यासाठी?"

"हो. मीच बोलावली होती. मीच वापस पाठवली."

पंकज खड्ड्यातल्या आपल्या पायांकडे पाहत राहिला. "मले उद्या दवाखान्यात सांगा लागन काय, आज केलं म्हणून?"

"मीबी सांगीन," नानाजी म्हणाले. "मीबी केलं ना."

मंगळवारी दोघांनी रितिका मॅडमना दोन्ही गोष्टी सांगितल्या, सोमवारचा डबा आणि सोमवारची गाडी. मॅडमनी उपचार बंद केले नाहीत. पुन्हा झाले तर भरतीचा विचार करू म्हणाल्या, पुढची तारीख दिली आणि शुक्रवारी पुन्हा ईसीजी काढायला सांगितला. बुधवारी पंकजने आणि नानाजींनी मिळून खड्डा कोनाड्यासकट रेतीने बुजवला. आता त्याची गादी पुढच्या खोलीत, आईबापांच्या मध्ये असते. अनुसयाबाई रोज त्याचा दुपट्टा हुंगतात, कारण नानाजींना अजूनही वास येत नाही. पंकज झोपला की नानाजी त्याच्या मानेवरची शीर पाहतात. कधी कधी ती अंधारात दिसत नाही, मग ते बोट लावून पाहतात.

सुशीलचे गाडीभाड्याचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.