खंडेनवमीचा लॅपटॉप

सँडीफोर्डच्या त्या आयरिश ऑफिसात नव्या माणसाला वळण लावायचं असलं, की लोक वसुधा शिराळकरकडे बोट दाखवत. कंपनीचं निळं जाकीट, गुळगुळीत इंग्रजी, डब्यात सँडविच. कोणी "कशी आहेस?" विचारलं, की तिथल्यासारखंच "ग्रँड!", म्हणजे एकदम मजेत, मग पोटात कितीही दुखत असो. नऊ वर्षांत बाईने स्वतःला इतकं घासूनपुसून घेतलं होतं, की विचारू नका.

एक गोष्ट तेवढी सुटली नव्हती. सांगलीला तिच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला ते पान्यापासून लेथपर्यंत सगळं लखलखीत करून कुंकू लावत, हात जोडत. वसुधाही दरवर्षी त्या दिवशी घरी, दार लावून, लॅपटॉपची पूजा करायची. यंदा कंपनीने फर्मान काढलं: रोज ऑफिसात या, लॅपटॉप तिथेच कुलपात ठेवा. झाली का पंचाईत!

त्यात नेमके त्याच दिवशी लंडनहून मोठे साहेब येणार होते. वसुधाला मॅनेजर करायचं की नाही, ते त्यांच्या हातात. तिला ते पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. ती सगळ्यांच्या आधी पोचली. लॅपटॉपच्या झाकणावर ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं. तेवढ्यात साहेब आल्याची गडबड उडाली. तिने अक्षता झटकल्या, फूल खिशात कोंबलं आणि कुंकू पुसायचं साफ विसरली. घ्या!

मीटिंगमध्ये बोलणं तिने फर्मास केलं, पण सगळ्यांच्या नजरा त्या झाकणावर. शेवटी साहेबांनी विचारलंच, "काही सांडलं का त्यावर?"

"हो, सॉरी" एवढं म्हणाली असती तर सुटली असती. जिभेवर आलंही होतं. पण वडिलांचे ते ग्रीसने काळे झालेले हात डोळ्यांपुढे आले आणि ती म्हणाली, "नाही. आज आम्ही आमच्या कामाच्या हत्यारांना नमस्कार करतो. मीच लावलंय ते."

शेजारी बसलेली एनिस गावची शिवॉन एकदम बोलून गेली, "अगं, आमची आजी ट्रॅक्टरवर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडते!" सगळे हसले, साहेबही हसले. मग वेबसाइटसाठी सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तेवढं पुसून घेता का? सगळं एकसारखं दिसलेलं बरं."

"नऊ वर्षं पुसतच आलेय," वसुधा म्हणाली. "हे राहू द्या."

आणि लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिली. शाब्बास गं बाई!

पद दुसऱ्याला मिळालं. कुंकवामुळे की आणखी कशामुळे, कोणी सांगितलं नाही. वसुधा घरी येऊन ढसाढसा रडली, खोटं कशाला सांगू.

फोटो मात्र तिने सांगलीला पाठवला. आजवर ऑफिसचा असा प्रत्येक फोटो वडील मोबाइल नाकाशी धरून बघायचे आणि विचारायचे, "यात तू कुठली गं?" या वेळी तिने फोन केला, तर उचलल्या उचलल्या म्हणाले, "दिसलीस बघ."