दारामागची तिसरी सुई

किस्से गोळा करायला मला कुठे फिरावं लागत नाही. शांतामावशी आमच्या घरात राहते, बस. दहावीला मी गणितात गचकलो, तिचे किस्से मोजायला बसलो तर परत गचकेन!

मावशी डिचोलीच्या एका हॉस्पिटलात आया. तिची खोड म्हणजे सगळ्या तारखा रांधपाच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या, खोलीच्या दारामागे कोळशाने लिहायच्या. सिलिंडर कधी लावला, गाय कधी व्याली, लोणचं कधी घातलं. आई कॅलेंडर दाखवायची, तर मावशी म्हणायची, "कॅलेंडर वर्साक बदलता. दार बदलता?"

*

मी चौथीत होतो तेव्हा हॉस्पिटलाने हिपॅटायटिस बी ची लस द्यायचं काढलं. तीन सुया. पहिली, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. मावशीने तिन्ही घेतल्या आणि तारखा दारामागे सिलिंडरच्या तारखेखाली लिहिल्या. मग मला विचारलं, ही किती दिवस पुरते रे?

मी म्हटलं, "मावशे, आपलो सिलिंडर चाळीस दिस जाता. सुयो तीन. तूच हिशोब कर."

ती बोटं मोजायला लागली!

*

मलाही तिने नेलेलं. दोन सुया मी गप घेतल्या. तिसरीच्या दिवशी फणसावर चढलो आणि हॉस्पिटल बंद व्हायच्या वेळेपर्यंत उतरलोच नाही. मावशी खाली उभी राहून बिस्किटं दाखवत होती. शेवटी ती तिनेच खाल्ली.

*

गेल्या गणेशचवथीला घर रंगवायचं काम माझ्यावर आणि माझा दोस्त बाबलो याच्यावर पडलं. दाराला ऑइलपेंट मारला आणि मावशीच्या सगळ्या तारखा गायब! ती झाडू घेऊन धावली. नशीब, तारखा मी आधी कागदावर उतरवलेल्या. परत लिहून दिल्या.

लिहिताना थोडा हात सुटला. माझी तिसरी सुई पण झाली म्हणून लिहून टाकली. आणि मावशीच्या लसीपुढे औषधाच्या बाटलीवर असते तशी एक्सपायरी घातली, पाच वर्षं. पेपरात आलंय म्हणून सांगितलं; दाराच्या रागात तिने तेव्हा वर्षं मोजली नाहीत. बाबलो हसून रंगाच्या डब्यात बसला. खरंच बसला, चड्डी अजून निळी आहे.

*

आणि परवा मावशीला कचरा उचलताना सुई टोचली. पेशंट नेमका हिपॅटायटिस बी चा. ड्युटीवरल्या नर्सने हात धुऊन घेतला, रक्त काढलं, सकाळी डॉक्टरणीला भेट म्हणाली. मावशी घरी आली ती सरळ दारामागे गेली. पाच वर्षं. होऊन गेली होती आठ.

तिने आपला कप वेगळा काढला. आईला सांगितलं, पाटल्या ह्याच्या लहान बहिणीला दे.

मी सांगून टाकलं की ती पाच वर्षं मी मनाची लिहिली.

"तू फट मारतस," मावशी म्हणाली. "म्हाका बरें दिसूक."

जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, आणि ते तिला धीर द्यायला मारलेली थाप वाटली!

*

सकाळी मीच तिला हॉस्पिटलात घेऊन गेलो. डॉक्टरणीने जुनी फाइल काढली. तिन्ही सुया झालेल्या, नंतरची रक्ततपासणीही चांगली. ती म्हणाली, लस एकदा अंगी लागली की वीस-तीस वर्षं तरी कुठे जात नाही, बहुतेक जन्मभर पुरते. रक्तात कमी दिसली तरी अंग विसरत नाही. परत घ्यायची गरज नाही.

मावशीने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "म्हणजे सिलिंडरासारकी संपना न्हय?"

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

मग तिने मला विचारलं, तुझ्या झाल्या का सुया? मी छाती काढून सांगितलं, "तीनूय जाल्यो. दारामागे तारखो बरयल्यात."

मावशीने पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. माझं. तिसरा रकाना कोरा.

"दार तू रंगयलेंस," ती म्हणाली. "कार्ड हांवें सांबाळलें."

डॉक्टरीण म्हणाली, पहिल्यापासून नको, राहिलेली एक आजच देऊन टाकू. मी दाराकडे बघितलं. दारात मावशी उभी होती, हातात बिस्किटांचा पुडा.

घरी आल्यावर तिने कोळसा घेतला, मी लिहिलेली खोटी तारीख खोडली आणि खाली खरी लिहिली. तिच्यापुढे, एक्सपायरीच्या जागी, मोठ्या अक्षरात: "भाचो खूब रडलो."

तेव्हापासून बाबलोला दिवसातून चारदा तहान लागते, आणि पाणी त्याला आमच्याच रांधपाच्या खोलीत, दारामागे उभं राहूनच प्यायचं असतं.