जर्दा जगला पाहिजे

तंबाखूच्या वखारीत घटकाभर जरी बसलं तरी वास धोतराला चिकटतो. तसे हे किस्से मला चिकटलेत. निपाणीला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर एक बाक होता. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की त्या बाकावर आम्ही तिघं बसायचो: बेळगावहून येऊन स्थायिक झालेले डॉक्टर, तंबाखूचा व्यापारी आप्पा आणि मराठी शाळेतला मी मास्तर. विषय एकच, लोक म्हणतात ते खरं का? डॉक्टरांचं म्हणणं, "पुरावा दाखवा, मग बोला!" आणि आप्पाचं म्हणणं, "तुमी म्हणताय ते बराबर हाय, पर..." त्या 'पर'नंतर रोज एक किस्सा व्हायचा.

*

एकदा आप्पा छातीठोकपणे म्हणाला, "वखारीत राबणाऱ्या माणसाला प्लेग व्हत न्हाय. तंबाखूच्या वासानं रोग आत शिरतच न्हाय."

डॉक्टर म्हणाले, "आप्पा, मागच्या साथीत अख्खं गाव माळावर खोपटी बांधून राहिलं. तुम्हाला कसं कळलं गाव सोडायचं ते?"

"आमच्याच वखारीत पयला उंदीर मरून पडला की!"

"मग त्या उंदराला वास येत नव्हता काय?"

आप्पानं तंबाखूची चिमूट मळली, तोंडात टाकली. मग म्हणाला, "त्येला सर्दी झाली असंल."

*

असा हा आप्पा एका सकाळी धावत दवाखान्यात आला. तोंड पांढरं, हाताला फडकं, फडक्यातून रक्त.

झालं होतं असं. तंबाखूवाल्याला एक खोड असते. पान दिसलं की दोन बोटांत धरून चोळायचं आणि किती वाळलंय ते बघायचं. वखारीत अंधार. तंबाखूच्या गठ्ठ्यावर, बोदावर, आप्पाचं पाळीव कुत्रं झोपलेलं, रंगानं थेट तंबाखू, म्हणून नावही जर्दा! आप्पानं सवयीनं हात घातला, पान म्हणून त्याचा कान चोळला आणि वर म्हणाला, "अजून ओलं हाय रं!"

जर्द्यानं कडकडून चावा घेतला.

मी हसणार होतो, पण डॉक्टर हसले नाहीत. त्या आठवड्यात गावात एक पिसाळलेलं कुत्रं मारलं होतं आणि ते वखारीच्या गल्लीतूनच फिरून गेलेलं. डॉक्टरांनी जखम साबणानं कितीतरी वेळ धुतली आणि म्हणाले, "बेळगावहून मोटारीनं लस मागवतो. पोटात सुया आजपासूनच. कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट जगलं, तर ते चावलं तेव्हा पिसाळलेलं नव्हतं. मग सुया बंद."

"आणि मेलं तर?"

डॉक्टरांनी सुई उकळायला ठेवली.

*

त्या दिवसापासून सगळ्या निपाणीचं लक्ष जर्द्याच्या तब्येतीवर. मी शाळेत जाताना आधी वखारीत डोकावायचो. शेपूट हलली की मगच माझ्या घशाखाली घास उतरायचा.

आप्पा तर विहिरीवरच बसलेला. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्याला म्हणे पाण्यात कुत्र्याची पिल्लं दिसतात. "मास्तर, तुमी बघा वो, माझी छाती व्हईना."

मी वाकून बघितलं. "आप्पा, काही नाही. माझंच तोंड दिसतंय."

"तुमास्नी कुठं चावलंय! तुमास्नी कशी दिसतील?"

मग तो स्वतःच काठावरून वाकायला लागला; त्याला मागं ओढून आणता आणता आम्ही घामाघूम.

*

मग आप्पाच्या बायकोनं, आमच्या आक्कानं, एका मांत्रिकाला आणलं. तो काशाची थाळी उघड्या पाठीला लावतो. चिकटली तर अंगात विष आहे, गळून पडली की उतरलं. आप्पाच्या पाठीला थाळी अशी बसली की निघता निघेना. आक्कानं तोंडाला पदर लावला.

डॉक्टर म्हणाले, "आता मास्तरांना लावा. त्यांना चावलेलं नाही."

मी सदरा काढला. उन्हाळ्याचे दिवस, पाठ घामानं निथळत होती. माझ्याही पाठीला थाळी घट्ट!

डॉक्टरांनी टाळी वाजवली. "घामानं चिकटते! झाला पुरावा!"

सगळ्यांचं समाधान झालं. मी मात्र घरी येऊन आईला हळूच विचारलं, "मला लहानपणी कधी कुत्रं चावलं होतं का गं?"

*

पुढं आप्पाला पाणी जाईना! तांब्या तोंडाशी नेला की घसा आवळायचा, डोळे फिरायचे. रोगाचं हे लक्षण गावात सगळ्यांना पाठ. आक्का रडायला लागली, मी डॉक्टरांना बोलवायला धावलो.

डॉक्टरांनी नाडी बघितली आणि शांतपणे आक्काला चहा टाकायला सांगितला. आप्पानं बशीत ओतून फुर्रफुर्र करत दोन कप संपवले.

"गेला की खाली!" डॉक्टर ओरडले. "अहो, चहात पाणीच असतं! हा रोग नाही, ही भीती आहे!"

आप्पा बशीकडं बघत म्हणाला, "भीतीला सुई असंल तर तीबी टोचा."

मला एकदम भरून आलं. हसावं की रडावं कळेना.

*

मग एक दिवस जर्द्यानंच अन्न सोडलं. मान टाकून पडला. आप्पा भिंतीला टेकून खालीच बसला. मी म्हटलं, "डॉक्टर, पाणी दाखवून बघू या का? प्यायला तर..."

डॉक्टर माझ्यावर उखडले. "मास्तर, तुम्ही शिकलेले ना? पिसाळलेलं कुत्रंसुद्धा पाणी पितं! पाण्यावरून काहीएक ठरत नाही!"

चौकशी केली तेव्हा कळलं, आप्पा वाचावा म्हणून अख्खी गल्ली जर्द्याला चोरून चारत होती. कोण पेढे, कोण दूध, कोण तुपातला शिरा. पण ते कारण की रोग, हे कोण सांगणार? कुणाचाच डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी बघतो तर जर्दा टुणटुणीत! जरा बारीक झालेला, पण उभा. डॉक्टर म्हणाले, "लंघनाचा गुण!"

आप्पा जवळ गेला तर ते गुरगुरलं. "मला वळखंना झालंय वो."

"तुम्ही कान पिळलात. त्याच्या मनाला लागलं असेल."

*

मुदत संपली. जर्दा उड्या मारत होता. डॉक्टरांनी जाहीर केलं, "सुया बंद! आप्पा, तुम्ही सुटलात!"

आप्पानं डॉक्टरांना मिठीच मारली. आक्का ओवाळायला ताट घेऊन आली. पण ती उंबऱ्यातच अडली. "डॉक्टर, सुया असू द्यात की अजून थोड्या," ती म्हणाली.

"कशाला? कुत्रं समोर उभं आहे!"

तिनं कुत्र्याला कुंकू लावलं आणि निरांजन फिरवायला लागली. तेवढ्यात वखारीच्या दारातून, गळ्यात कुरतडलेला दोर, अंगभर चिखल, असा दुसरा जर्दा शेपूट हलवत आत आला आणि धावत जाऊन आप्पाचे पाय चाटायला लागला!

ताट आक्काच्या हातातून पडलं.

"त्यो अन्न सोडल्याल्या रातीलाच पळून गेलता वो," ती हुंदके देत म्हणाली. "हे धसक्यानं मरतील म्हणून मी भावाला सांगून ह्यो तसलाच दुसरा शेजारच्या अकोळहून आणवला."

डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला. त्या सकाळपासून रोज जीभ बघून, डोळे बघून त्यांनी निर्वाळा दिला होता तो या पाहुण्याचा. आणि खरा हा समोर दमून धापा टाकत होता, तोंडातून लाळ गळत होती.

डॉक्टर खाली बसले. कोपऱ्यातली पाण्याची परात त्यांनी दोन्ही हातांनी, हळूहळू, जर्द्याच्या पुढं सरकवली.

जर्द्यानं परात हुंगली, आमच्याकडं बघितलं आणि लपालपा सगळं पाणी प्यायला. थोडंसं तळाशी राहिलं.

आप्पानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "डॉक्टर, तळाला पिल्लं दिसत्यात का बघा जरा."

आणि डॉक्टरांनी वाकून बघितलं!