डिटेक्टरपर्यंत सगळं ठीक

धुळ्यातलं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. बायको गेल्यावर मात्र मी पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि सोल्डरिंगचा वास पुन्हा घरात आणला. गिऱ्हाईक काही येत नव्हतं. वॉल्व्हचा रेडिओ आता असतो कोणाकडे? शोभेला ठेवणारे असतात, आणि त्यांचा मला राग येतो.

म्हणून साक्रीकडच्या खेड्यातून एक अक्का आपल्या नवऱ्याचा रेडिओ जुन्या लुगड्यात बांधून एसटीने घेऊन आल्या, तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नवरा वारलेला, मुली सासरी.

"भाऊ, दिवाईपाशीन नुसता खरखर करस, बोलत नही," त्या म्हणाल्या. "सकायले कोनी बोलनं नही ते चहा गोड लागत नही."

पुढच्या बाजाराला घेऊन जा, मी छातीठोकपणे सांगितलं.

माझी पद्धत जुनी. शोध स्पीकरपासून उलटा घ्यायचा. डावा हात खिशात, कारण आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि दोन्ही हात घातले की झटका छातीतून जातो. उजव्या हातात पेचकस, बोट त्याच्या लोखंडाला, टोक एकेका वॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे त्याच्या आत शिरायच्या वाटेला. आवाज मोठा करणारा वॉल्व्ह: भुंऽऽ. जिवंत. त्याच्या मागचा डिटेक्टर, जो लहरीतून बोलणं वेगळं काढतो: भुंऽऽ. तोही जिवंत. ही भुणभुण स्टेशनची नसते. घरातली वीज आपल्या अंगातून आत शिरते, तिची असते.

म्हणजे दोष त्याच्याही मागे, लहर पकडणाऱ्या वॉल्व्हमध्ये. तसला माझ्याकडे एकच नवा उरला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून घरच्या रेडिओसाठी ठेवलेला. तो घातला. लाल झाला, खरखर आली, बोललं कोणी नाही. मग आठवडाभर कॉइल, कंडेन्सर, तारा, सगळं उसकटलं. दिवसा आमच्याकडे जवळचं एकच केंद्र लागतं; लांबची लागतात ती रात्री, आणि दिवे लागल्यावर माझे डोळे काम करत नाहीत. हात गेला, म्हटलं, आता उरलं काय आपल्याकडे?

बाजाराच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या मारवाडी शेठकडे चहापत्ती घ्यायला गेलो आणि न राहवून रडगाणं गायलो. शेठ हसले.

"नाना, ते केंद्र दिवाळीतच बंद झालं. आता मोबाइलवर येतं. तुम्हाला माहीत नाही? तुम्हाला?"

सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला नव्हतं, कारण बायको गेली त्या दिवसापासून मी घरचा रेडिओ लावलाच नव्हता. लोकांचा रेडिओ बोलावा म्हणून जिवाचं रान करत होतो आणि आमचा कपाटावर झाकून ठेवलेला. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त एकटं वाटलं.

अक्का आल्या तेव्हा खरं ते सांगितलं. रेडिओ बरा आहे, पण केंद्रच बंद पडलंय, पलीकडून बोलणारं कोणी राहिलं नाही. मोबाइल घ्या म्हणालो, तर त्यांनी कानाआड केलं आणि रेडिओ लावायला सांगितला. खरखर सुरू झाली. त्यांनी रेडिओच्या वरच्या फळीवर हात ठेवला. वॉल्व्ह तापले की ती कोमट होते.

"राहू दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "घरमा कोनी तरी शे, असं वाटस."

पुन्हा लुगड्यात बांधून त्या तो घेऊन गेल्या. माझा शेवटचा वॉल्व्ह त्यातच राहिला. काढून घ्यावा असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटावरचा रेडिओ खाली काढला, पुसला आणि लावला. काटा बायकोने ठेवला होता तिथेच होता, तिच्या सकाळच्या गाण्यांवर. अर्ध्या मिनिटाने खरखर आली. मी काटा हलवला नाही. चहा संपेपर्यंत फळीवर हात ठेवून बसलो.